साल ते बुग्याल: कुमाऊं-गढवालची पक्षीवारी (अनुभव, प्रश्न, वादावादी सगळं इथेच)

रानभूल

गढवालमधल्या चोपत्याला मोनाल (हिमालयातला रंगीत, तुरेवाला फेजंट) बघायला कधी जावं, कसं जावं, गाइड कोण, हे प्रश्न दर दोन आठवड्यांनी कुठल्यातरी भलत्याच धाग्यात उगवतात आणि उत्तरं विखरून जातात, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं आधीच सांगतो, मग शिव्या घाला. नुसत्या मोनालसाठी हरिद्वारहून गाडी हाणत थेट चोपता गाठू नका. रामनगरला सुरू करा आणि पायरी पायरीने वर जा. हिमालयात पक्षी उंचीप्रमाणे बदलतात, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं पण ते अंगावर येतं ते खालून चढत गेलं तरच.

आमचा रूट असा होता: रामनगर, सातताल, पंगोट, मग एक अख्खा दिवस गाडीत (रानीखेत, द्वाराहाट, गैरसैंण, कर्णप्रयाग, चमोली, गोपेश्वर), मग मंडल आणि शेवटी चोपता-तुंगनाथ. एप्रिलचा उत्तरार्ध. रामनगर साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि तुंगनाथ साडेतीन हजारच्या पुढे, म्हणजे दहापट उंची, आणि तीही एकाच सुट्टीत.

खाली सालाचं जंगल. एप्रिलमध्ये सालाला नवी पालवी आणि मोहोर एकदमच असतो, त्यामुळे वरती बघत बघत मान मोडते. इथे निम्मे पक्षी आपल्या ओळखीचे, तांबट, हळद्या, स्वर्गीय नर्तक, नवरंग, मोर सुद्धा. मग मध्येच मोठा धनेश डोक्यावरून पंखांचा फसफस आवाज करत जातो आणि सुक्या फांदीच्या टोकावर कॉलर्ड फाल्कनेट बसलेला असतो, चिमणीपेक्षा थोडाच मोठा पण रुबाब गरुडाचा. कोसी नदीच्या काठाने कुमेरियापर्यंत गाडीने हळूहळू जा आणि थांबत थांबत बघा. पायी आत शिरू नका, वाघाचा भाग आहे, हे गंमतीने सांगत नाहीये.

सातताल साधारण तेराशे-चौदाशे मीटर. चीड (म्हणजे पाइन) आणि बांज (म्हणजे तिथला ओक) सुरू होतात आणि एका दिवसात यादीच बदलते. जवळच चाफीला ओढ्यावर गेलो तर ब्राउन डिपर. हा पक्षी मी कितीतरी वेळ बघत बसलो. फेसाळत्या पाण्यातल्या दगडावर उठाबशा काढल्यासारखा वरखाली होतो, डोळा मिटला की पांढरी पापणी चमकते, आणि मग सरळ पाण्यात चालत जातो. बुडी नाही, चालत जातो. पाणी डोक्यावरून जातं, दोन-चार सेकंदांनी थोडा पुढे चोचीत अळी घेऊन बाहेर, अंग कोरडंच. त्याच ओढ्यावर स्पॉटेड फोर्कटेल, क्रेस्टेड किंगफिशर (आपल्या कवडी खंड्याचा दांडगा मोठा भाऊ) आणि दोन्ही पाणथिरथिरे.

पंगोट दोन हजारच्या जवळपास. पहाटे विनायकच्या बाजूला उभ्या गवताळ उतारावर चीर फेजंटसाठी थांबलो, आवाज आला, पक्षी नाही दिसला. असो. याच नैनितालच्या डोंगरात, शेर-का-डांडावर, १८७६ साली हिमालयन क्वेल शेवटचा खात्रीने नोंदवला गेला, त्यानंतर आजवर नाही. गवतात काही हललं की मनात तेच येतं, उगाच.

मंडल आणि चोपत्याचं खाली प्रतिसादात लिहितो, हात दुखला.

टिटवी

मस्त लिहिलंयस, पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). माझी एक भर. सातताल-पंगोटला गेलात तर आपल्या सह्याद्रीतले पाहुणे त्यांच्या घरी भेटतात, मला तर त्याचंच जास्त अप्रूप वाटलं. ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश हिवाळ्यात ताम्हिणीत, आंबोलीत दिसतो तेव्हा गप्प बसलेला असतो, झाडाच्या मधल्या फांदीवर, कोणाशी देणंघेणं नसल्यासारखा. पंगोटला तोच नर चिडाच्या शेंड्यावर बसून गळा काढून गात होता, मी आधी ओळखलाच नाही आवाजावरून. तसंच इंडियन ब्लू रॉबिन, अल्ट्रामरीन फ्लायकॅचर, वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर. आपल्याकडे ही मंडळी सहा महिने भाड्याने राहतात आणि आपण त्यांना आपले म्हणतो.

झुंजार

@रानभूल, लेख छान पण पटला नाही. सगळ्यांना तुमच्यासारखी लांबलचक रजा मिळत नाही हो. मी पुण्याहून डेहराडूनला फ्लाइट, तिथून टॅक्सीने ऋषिकेश-देवप्रयाग-रुद्रप्रयाग-उखीमठ करत संध्याकाळी चोपत्याजवळ, दुसऱ्या दिवशी उजाडताना तुंगनाथच्या वाटेवर, आणि मोनाल नर साठ-सत्तर फुटांवर. शनिवार-रविवारला जोडून दोन सुट्ट्या टाकल्या की काम झालं. खालचे पक्षी काय, नंतर कधी बघता येतील.

रानभूल

@झुंजार, अहो जमत असेल तर जरूर करा, मी कोण अडवणारा. फक्त दोन गोष्टी. एक, समुद्रसपाटीवरून चोवीस तासांत साडेतीन हजार मीटरवर गेलं की बऱ्याच जणांचं डोकं धरतं, मळमळतं, आणि मग दुर्बिणीतून बघायची इच्छाच राहत नाही. दुसरं म्हणजे मोनाल दिसला की लोक उतरतात. त्याच वाटेवर बाकी काय काय असतं ते कोण बघणार?

आता राहिलेलं लिहितो.

मंडल हे गोपेश्वरच्या पुढचं छोटं गाव, दीड हजार मीटरच्या आसपास. एप्रिल १९७३ मध्ये चिपकोची पहिली ठिणगी इथल्याच जंगलात पडली. अंगूची झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला तोडायला दिली होती आणि चंडीप्रसाद भट्ट यांच्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती तोडू दिली नाहीत. आज त्याच उतारांवर उभं राहून आपण पक्षी बघतो, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. इथे कड्यांवर हिमालयातल्या मोठ्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात, आणि त्या पोळ्यांच्या आसपास यलो-रम्प्ड हनीगाइड. हा पक्षी मेण खातो. हो, मेण. नर एखाद्या पोळ्याजवळची फांदी धरून बसतो आणि तासन्‌तास हलत नाही, दुसरा नर आला की हाकलतो. दिसायला राखाडी, चिमणीएवढा, पाठ फिरवली तर पिवळाधमक पट्टा. गाइडने बोट दाखवलं तरी पाच मिनिटं सापडत नव्हता कारण सगळे जण हलणारी गोष्ट शोधत होते.

मंडल ते चोपता हा रस्ता केदारनाथ अभयारण्यातून जातो (१९७२ चं, कस्तुरीमृगासाठी केलेलं). हा रस्ता म्हणजे या ट्रिपचा गाभा आहे असं माझं मत. खाली रुंद पानांचं जंगल, मग बांज, मग बुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, मग खर्सू ओक आणि रागा म्हणजे फर. गाडी सोडा आणि तुकड्या तुकड्याने चाला. जसजशी उंची वाढते तसतशी पर्णवटवट्यांची जात बदलते, खाली ग्रे-हूडेड, वर गेलं की बफ-बार्ड आणि लेमन-रम्प्ड. सगळे हिरवट, सगळे बोटभर, सगळे पानाआड. आमच्यातल्या एकाने वैतागून जाहीर केलं की आजपासून सगळ्यांचं नाव हिरवट-१, हिरवट-२.

चोपता. पहाटे अंधारातच खालच्या जंगलातून कोकलास (हाही फेजंटच) ओरडायला लागतो, खरखरीत, घसा बसलेल्या कोंबड्यासारखा. आवाज चार दिशांनी येतो, पक्षी क्वचित दिसतो. तुंगनाथची वाट फरसबंद आहे, साडेतीन-चार किलोमीटर, चढ सलग. झाडं हळूहळू बुटकी होत जातात, बुरांस खाली झाडाएवढा असतो तो इथे झुडूप होतो, आणि मग एका वळणानंतर झाडंच संपतात. बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण. एप्रिलमध्ये गवत अजून पिवळं, जागोजागी बर्फाचे पट्टे आणि त्या पट्ट्याच्या कडेला जिथे बर्फ नुकताच वितळलाय तिथे मोनाल.

नर उकरत असतो. पायाने नाही, चोचीने. वरची चोच खालच्या चोचीवरून पुढे वाकलेली, फावड्यासारखी. ओल्या मातीत ती खुपसून झटक्यात माती मागे फेकतो, खड्डा इतका करतो की मान आत जाते, मग डोकं वर काढून इकडेतिकडे बघतो, चोचीला चिखल आणि डोक्यावर तो हिरवा तुरा. ढग असतील तर काळपट दिसतो. ऊन आलं आणि त्याने अंग वळवलं की मानेवर तांबूस, पाठीवर जांभळा-निळा, हिरवा, सगळं एकामागून एक पेटत जातं. नेपाळचा हा राष्ट्रीय पक्षी, तिथे त्याला डांफे म्हणतात, आणि उत्तराखंडचा राज्यपक्षी. आमच्यासमोर एक घोडेवाला शिट्टी वाजवत आला आणि हा पठ्ठ्या किंचाळत दरीत सुटला, पाठीवरचा पांढरा डाग तेवढा दिसला.

भाऊसाहेब

वाचून तृप्त झालो. वय ६८, गुडघे कुरकुरतात. सौभाग्यवतींचं म्हणणं तुंगनाथ दर्शन पण व्हावं. आम्हाला जमेल का? आणि घोड्यावरून गेलं तर पक्षी दिसतील का?

दूनवासी

भाऊसाहेब, मी देहरादूनला राहते (सासर इथलं, माहेर साताऱ्याचं), दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणा घेऊन चोपत्याला जाणं होतंच. तुंगनाथाचे कपाट (म्हणजे मंदिराची दारं) एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये उघडतात, तारीख बैसाखीला मक्कूमठमध्ये ठरते कारण हिवाळ्यात देव तिथे असतात. म्हणजे रानभूल गेले तेव्हा बहुधा मंदिर बंदच असणार. तुम्हाला दर्शन हवं तर मेचा पहिला पंधरवडा बघा. पण कपाट उघडले की यात्रा सुरू, वाटेवर माणसं, घोडे, मोबाईलवर भजनं, आणि मोनाल वाटेपासून लांब सरकतात. अगदी उजाडताना निघालात तरच. घोडा वर जायला घ्या, उतरताना पायी या हळूहळू, काठी घेऊन. अर्थात गुडघ्याला उतरणंच जास्त त्रासदायक, त्यामुळे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि वर जमलंच नाही तरी हरकत नाही. चोपत्याच्या आधी दुगलबिट्टाच्या आसपास रस्त्यावरूनच खूप काही दिसतं, कोकलास सुद्धा कधीकधी पहाटे रस्ता ओलांडताना. मक्कूमठ तर आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांची आवडती जागा, चढ नाही, शेतं आणि जंगल लागून, खुर्ची टाकून बसायचं.

एक राहिलं. एप्रिल-मेमध्ये खालच्या गावांमध्ये दिवसभर चार सुरांची हाक ऐकू येते, तो इंडियन कुक्कू. इथले लोक म्हणतात तो ओरडतो "काफल पाको, मिन नि चाखो", काफळं पिकली पण मी चाखली नाहीत. माझ्या सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट अशी की आईने टोपलीभर काफळं तोडून आणली, मुलीला राखण ठेवलं आणि शेतावर गेली. उन्हाने फळं आकसली, टोपली कमी दिसायला लागली. आईला वाटलं पोरीने खाल्ली, रागात मारलं, पोर गेली. संध्याकाळी पाऊस आला, फळं फुगून टोपली पुन्हा भरली. तेव्हापासून ती पोर पक्षी होऊन सांगत फिरते. आमच्याकडे पावशा "पेरते व्हा" म्हणतो, ते मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्याकडचे पक्षी कामाचं बोलतात.

मृण्मयी_के

बापरे, काफळाची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी. @दूनवासी, आणखी लिहा ना अशा.

माझा प्रश्न अगदी बाळबोध आहे. दुर्बीण कुठली घ्यावी? आणि ऐन थंडीत गेलं तर?

टिटवी

८x४२. दहा पटीची घेऊ नकोस, चढून दम लागलेला असताना हात थरथरतो आणि चित्र नाचतं. पाऊस कधीही येतो म्हणून वॉटरप्रूफ बघ. मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप फोनमध्ये आधीच उतरवून घे, उत्तर भारताचा पॅक, कारण वर नेटवर्कचा भरवसा नाही. पण आवाजावरून ते काय म्हणतंय त्यावर डोळे झाकून विश्वास नको, वर वटवट्यांच्या बाबतीत ते पण आपल्यासारखंच गोंधळतं.

थंडीत उलट मजा असते. वरचे पक्षी खाली येतात, म्हणजे तुला चढावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रामनगरला कोसीच्या गोट्यांमध्ये आयबिसबिल आणि वॉलक्रीपर मिळतात, उन्हाळ्यात त्यांच्यासाठी कुठल्या कुठे वर जावं लागेल. कॉर्बेट साहेबांचं कुटुंबही उन्हाळ्यात नैनितालला आणि थंडीत खाली कालाढुंगीला असायचं, पक्ष्यांसारखंच वरखाली.

फोटोवेडा

साततालचा ‘स्टुडिओ’, म्हणजे फोटोवाल्यांची ती ठरलेली जागा, तिचं नाव कसं नाही घेतलं कुणी? हाइडमध्ये (आडोशात) बसलं की दोन तासांत सगळं. निल्टावा, लिओथ्रिक्स, व्हाइट-क्रेस्टेड लाफिंगथ्रश, समोर काडीवर. आणि मंडलला गाइडने ब्लूटूथ स्पीकर लावला की काय काय बाहेर येतं बघा. ज्यांना फोटो हवेत त्यांना रानभूलच्या पद्धतीने पाठमोरे ठिपके मिळतील.

रानभूल

@फोटोवेडा, हाइडबद्दल माझं फार म्हणणं नाही. गावातल्या पोरांना त्यातून पैसे मिळतात, त्यामुळे ते झाडं राखतात, हे मी बघितलंय. पण स्पीकर नको. एप्रिल-मे हा विणीचा काळ. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो आणि समोर कोणीच नसतं. तुमच्यानंतर दुसरी गाडी, तिचा स्पीकर, मग तिसरी. सीझनमध्ये त्याच वळणावर दिवसातून किती वेळा होत असेल विचार करा. आमच्या आधीच्या एका ग्रुपचा म्होरक्या तर घुबडासाठी रात्री अर्धा तास वाजवत होता, शेवटी गावातल्या एका आजीने बाहेर येऊन झापलं. आजींना दंडवत.

फोटोवेडा

अर्धा तास म्हणजे अतिच. पण एकदा-दोनदा वाजवलं तर काही होत नाही, जगभर करतात.

कोकणी_माणूस

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत विषय बदलतो. काकडागाडबद्दल कोणी लिहिलं नाही. उखीमठच्या खाली, कुंडच्या जवळ, ओढ्याकाठचा छोटासा पट्टा. तिथे टॉनी फिश आउल दिवसाढवळ्या झाडात बसलेलं दाखवतात. शिवाय लिटल फोर्कटेल, आणि हा स्पीकरशिवाय दिसतो, धबधब्याच्या पाण्यातच उभा असतो तो. रुद्रप्रयागकडून येणाऱ्यांच्या तर वाटेवरच आहे. @झुंजार, तुमच्या रूटवर सुद्धा!

आणि बुग्यालवर तंबू टाकायचा विचार असेल तर सोडा. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. चांगलंच झालं, आधी काय कचरा व्हायचा वर.

दूनवासी

+१. फक्त मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन येतात ते वेगळं, त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. त्यांची कुत्री मात्र सांभाळा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्याशी झुंजणारी असतात. पक्षी बघत बघत कळपात शिरू नका.

मृण्मयी_के

@टिटवी, ८x४२ लिहून घेतलं. गिधाडांचं कोणी लिहिलं नाही अजून, तुंगनाथला दिसतात ना?

टिटवी

दिसतात म्हणजे, अंगावरून जातात. हिमालयन ग्रिफॉन खालच्या दरीत घिरट्या घालतात, म्हणजे तू वर आणि गिधाड खाली, पाठ दिसते त्याची. आणि लॅमरगायर, पाचरीसारखं शेपूट असलेलं, ते हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि खातं. तुंगनाथच्या वरच्या चंद्रशिला शिखरावर वारा खायला बसलीस की हे येतात, पिवळ्या चोचीचे चफ तर खाऊसाठी पायाशी. खायला घालू नकोस.

झुंजार

बरं, माघार घेत नाही पण सुधारणा करतो. ऑक्टोबर शेवटच्या आठवड्यात परत जातोय, कपाट बंद व्हायच्या आत. पाच दिवस आहेत. पहिला मुक्काम काकडागाडजवळ, मग चोपता, मग मंडलला उतरून दोन रात्री, परत त्याच रस्त्याने डेहराडून. रामनगर-सातताल जमणार नाही, जमणार नाही म्हणजे नाही. हनीगाइड ऑक्टोबरमध्ये असतो का?

रानभूल

हा प्लॅन चांगलाय. हनीगाइडची खरी वेळ वसंतातली, पण पोळ्याजवळ बघून घ्या, गाइडला आधी फोन करून विचारा. एकच बदल करा, मंडल आधी आणि चोपता नंतर. रुद्रप्रयागवरून उखीमठला न वळता सरळ कर्णप्रयाग-चमोली-गोपेश्वर करत मंडलला जा, थोडा लांबचा रस्ता आहे पण मग चढत जाता येतं, आणि उतरताना काकडागाड वाटेत लागतंच. डोकंही धरणार नाही.

झुंजार

शेवटी खालून वरच चढवलंत मला. ठीक आहे. मंडलच्या होमस्टेचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.